पुन्हा रक्त

"मग हे कोणत्या पापाचं फळ, माई?"

सारंगधर मठाच्या ओसरीवर पोटाशी गुडघे घेऊन पडला होता. संन्यासापूर्वी तो महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवीत असे. तो वादात हरल्याचे कुणाला आठवत नव्हते. गेली काही वर्षे आव आणि रक्त पडे, थांबे, पुन्हा पडे.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" मठाच्या प्रमुख रत्नामाईंनी विचारले.

"मोठ्या आतड्याला आतून व्रण आहेत. का झाले, ते नक्की सांगता येत नाही म्हणे. कारणाशिवाय कार्य कसं असेल?"

"म्हणून पाप शोधलंस. काहीच न सापडण्यापेक्षा बरं."

त्याने गुडघे आणखी जवळ ओढले.

"गोळ्या?"

"रक्त थांबलं, तेव्हा सोडल्या."

"मागच्या वेळेसारख्याच."

"संन्याशानं जन्मभर गोळ्यांवर जगायचं?"

"आणि काल भिक्षेतला ठेचा खाल्लास."

"झोळीत पडेल ते खायचं. नियम तुमचाच आहे."

"हो. पण तुझं आतडं शाबूत होतं, तेव्हाचा."

…

"माई, मी अन्न सोडतोय. आतडं रिकामं राहिलं की रक्त थांबेल. नाहीतर मी थांबेन."

"लोक पाया पडतील."

"पडू देत."

"आतडं मात्र पडणार नाही हो पाया. ते उपाशीही रक्त गाळेल."

सारंगधराने भिंतीकडे तोंड वळवले. त्याचे खांदे हलत होते.

माई उठल्या. कोपऱ्यात त्याने लपवलेली, रक्ताने माखलेली छाटी त्यांनी ओढून काढली आणि बादलीत बुडवली.

"माई, नको… ते तुम्ही नका धुऊ!"

त्या धूत राहिल्या. पाणी तांबूस झाले. त्यांनी ते फेकले, दुसरे घेतले.

"संध्याकाळी पुन्हा भरेल ती," तो म्हणाला.

"भरेल."

पिळलेली छाटी त्यांनी दोरीवर टाकली.

"ऊठ. तालुक्याची एसटी आत्ता येईल. डॉक्टरीणबाईंना सांग, गोळ्या तूच सोडल्या होत्यास. खोटं बोलू नकोस. मी बरोबर येते."

"गोळ्या घेतल्या, तर कायमचा बरा होईन?"

माईंनी दोरीवरची छाटी ताणून सरळ केली.

"…नाही. बहुधा नाही."

"मग कशासाठी घ्यायच्या?"

माईंनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभे केले.

"भूक कधी कायमची बरी झाली रे तुझी? तरी रोज झोळी घेऊन निघतोसच ना."