गोंड्याखालचं भोक

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पार माथ्यावर एक गाव होतं, इतकं उंच की दिवस कलला की गुरं घरी येतात तसे तिथे ढगही घरी यायचे. दारातून आत शिरायचे, चुलीपाशी घुटमळायचे, कुणाच्या गोधडीत जाऊन निजायचे. मोठ्या माणसांना त्यांचा काही त्रास नव्हता. पण तान्ह्या लेकराची टाळू भरलेली नसते ना, तिथून ढग आत शिरला की लेकरू हलकं हलकं होऊन वर तरंगायला लागायचं. म्हणून बारशाच्या दिवशी, ढग उतरायच्या आत, बाळाच्या डोक्यावर क्रोशाचं टोपडं चढलंच पाहिजे, असा तिथला रिवाज होता.

टोपडी विणायचं काम एका घराकडे होतं. सासूचे डोळे गेले, तशी सुई सुनेच्या हाती आली. सुनेचा हात असा चालायचा की बघणाऱ्याला सुई दिसायचीच नाही, नुसती लोकर पळताना दिसायची.

एकदा शेजारणीच्या बाळाचं बारसं आलं. सुनेने दुपारी विणायला घेतलं. टोपडं विणतात ते शेंड्यापासून. चार साखळ्या घालायच्या, जोडून इवलासा गोल करायचा आणि त्या गोलात खांबाचे उभे टाके घालत फेरी धरायची. सून बायकांशी गप्पा मारत विणत होती, आणि चाराच्या जागी साखळ्या पडल्या आठ. पुढे मात्र सगळं बिनचूक. गोल तळहाताएवढा झाला तसं तिने खांब वाढवणं थांबवलं, आणि टोपडं आपसूक खाली वळलं. कडेला शिंपल्यांची नक्षी घातली, बंद लावले, हातावर चढवून बघितलं, तर शेंड्यातून बोट बाहेर आलं.

आता शेंड्यातली चूक काढायची तर कडेपासून सगळं उसवत वर जावं लागतं. सून बसून राहिली.

"झालं का गं?" सासूने विचारलं.

"झालं, आत्याबाई. गोंडा तेवढा लावते."

"आपल्या टोपड्याला गोंडा कधीपासून?"

"शोभेला."

"आण इकडे, चाचपून बघते."

"आता कुठे चाचपत बसता? तिकडे पाळणा म्हणायला लागल्या बायका."

असं म्हणून तिने भोकावर लाल गोंडा टाचला आणि सासूचा हात धरून निघाली.

बारशाला सगळ्यांनी गोंडा वाखाणला. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या आणि ढग उतरले. एक लहानसा ढग पाळण्यापाशी आला, गोंड्याशी खेळला, मग दिसेनासाच झाला. थोड्या वेळाने आईने बाळाला उचललं तर हाताला वजनच लागेना. दुपटं खाली राहिलं, बाळ वर. आईने घाईने त्याचे पाय धरले.

"बंद सैल बांधलेस तू," बाळाची आजी आईला म्हणाली. "लक्ष सगळं घुगऱ्यांत."

"नाही हो, घट्ट बांधलेत."

"मग काय टोपडं वाईट? त्या घरचं टोपडं आहे ते."

आईच्या डोळ्यांना धार लागली. तिलाही वाटायला लागलं, आपल्याच हातून गाठ सैल पडली असेल.

सून दाराशी उभी होती. तिच्यावर कुणाचाच संशय नव्हता. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण एकेक ढग गोंड्याखाली शिरत होता, आणि ते फक्त तिलाच दिसत होतं. बाळाच्या टाचा आता आईच्या कपाळापर्यंत गेल्या होत्या.

"तिची गाठ घट्टच आहे," सून म्हणाली. "भोक माझ्या टोपड्याला आहे. मी ते गोंड्याने झाकलं."

ती पाटावर चढली, गोंडा तोडला आणि बाळाच्या टाळूवर तळहात ठेवला. येणारे ढग थबकले. बाळाने ओठ काढले आणि भोकाड पसरलं. रडता रडता आतला सगळा ढग पाणी होऊन डोळ्यांतून वाहून गेला, आणि बाळ जड होत होत आईच्या मांडीवर उतरलं.

मग आजीनेच पुढे होऊन टाळूवर आपला हात ठेवला. ती दमली तशी दुसरी बाई बसली, मग तिसरी. सून खाली बसून टोपडं उसवायला लागली. नक्षी गेली, फेऱ्या गेल्या, आठ साखळ्या गेल्या. बाळाची आई समोर बसून सुटलेली लोकर गुंडाळत होती.

नव्याने चार साखळ्यांचा गोल झाला, तो सुनेने आधी सासूच्या हातात दिला. सासूने बोट फिरवून परत केला. बाहेर अंधारत होतं, म्हणून सुनेचा हात पुन्हा घाई करू लागला.

"सावकाश विण गं," बाळाची आई म्हणाली. "धरायला हात पुष्कळ आहेत."

तर तात्पर्य एवढंच, बाळांनो: विणलेलं उसवायची लाज धरू नये. झाकून ठेवलेली चूक आपल्या घरी राहत नाही, दुसऱ्याच्या लेकराला जाऊन भोवते.