भरलेल्या धरणाचा मान

खूप खूप वर्षांमागे एका राज्यातून एक लांबच लांब नदी वाहत होती. डोंगरापासून समुद्रापर्यंत तिच्यावर धरणामागून धरणं बांधलेली होती. प्रत्येक धरणाच्या पायथ्याशी मोठमोठी चक्रं होती. पाणी पडलं की चक्रं फिरत आणि चक्रं फिरली की घरोघरी दिवे लागत. सगळं ठीक चाललं होतं. मग राणीच्या मनात आलं की नदीचा मान करावा.

तिने दवंडी पिटवली. पावसाळ्यात जे धरण सगळ्यांत आधी काठोकाठ भरेल, तिथे राणी स्वतः येऊन खणानारळाने नदीची ओटी भरेल आणि त्या गावाला वर्षभर पहिला मान मिळेल. झालं. त्या दिवसापासून नदीकाठच्या लोकांच्या डोक्यात दुसरं काही शिरेना.

मधल्या गावाच्या धरणावर एक राखणदारीण होती. दरवाजांच्या चाकाची किल्ली तिच्याकडे असे. तिची एकुलती एक लेक धरणाच्या खाली, कुंभारवाडीत दिली होती. तिथली घरं नदीला अगदी लागून, कारण मातीही नदीचीच आणि पाणीही नदीचंच. म्हणून भर पावसाळ्यात राखणदारीण धरण पाऊणच भरू देई. चक्रं फिरायला तेवढं पुरत होतं. पावसाळा सरत आला की मग ती ते काठोकाठ भरून घेई.

हे गावाला काही केल्या पटेना. सकाळी घागरी घेऊन आलेल्या बाया विचारत, "भरलं का गं?" दुपारी गुराखी विचारत. संध्याकाळी पारावरची म्हातारी माणसं काठी टेकत येत आणि घाटाच्या उघड्या पायऱ्या बघून चुकचुकत. सगळ्यांना तेच ते सांगून तिचं तोंड दुखायला लागलं होतं.

एके दिवशी पाटीलच आले.

"बाई, वरच्या गावाने दरवाजे बंद केलेत. तुम्हीही लावून घ्या."

"पाटील, डोंगराकडे बघा. आभाळ काळंकुट्ट आहे. वरून लोंढा आला तर तो मी ठेवू कुठे?"

"त्यांच्या धरणावर इशाऱ्याचा नगारा आहे की. दरवाजे उघडण्याआधी वाजवतील. तेव्हा करा रिकामं."

"धरण म्हणजे काय तांब्या आहे, उपडा केला की रिकामा?"

"भरायला बांधलेलं धरण आपण रिकामं ठेवतो. लोक हसतात मला."

"हसू देत. खाली माझी लेक राहते."

"तुमच्या एका लेकीपायी गावाचा मान घालवता?"

राखणदारीण चाकाकडे वळली. किल्ली लावली आणि आणखी एक दरवाजा वर घेतला.

मान वरच्या गावाला गेला. राणी आली. धरणाच्या भिंतीवर मांडव पडला, झेंडूच्या माळा लागल्या, पंगती बसल्या. मिरवणुकीला वाद्यं कमी पडली, म्हणून कुण्या शहाण्याने इशाऱ्याचा नगारा उतरवून गावात नेला. मधल्या गावात त्या दिवशी राखणदारिणीशी कुणी बोललं नाही.

पंगत निम्म्यावर आली आणि डोंगरावर ढगफुटी झाली. भरलेल्या धरणात थेंबाला जागा नव्हती. पाणी राणीच्या पायांशी आलं, तसे वरच्या गावाने घाबरून सगळेच्या सगळे दरवाजे एकदम उघडले. नगारा वाजवायला माणसं धावली, तर नगारा जागेवर नव्हता.

इकडे मधल्या धरणावर राखणदारीण पाण्याकडे बघत उभी होती. आधी एक झेंडूची माळ वाहत आली. मग आंब्याचं तोरण. मग पत्रावळी, भाताची शितं चिकटलेल्या. मांडवाचा केळीचा खांब आडवा वाहताना दिसला, तेव्हा तिला कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. भराभरा तिने एकेक दरवाजा खाली घेतला, चक्रांपुरतं पाणी तेवढं चालू ठेवलं.

लोंढा येऊन धडकला. ज्या पायऱ्या बघून लोक चुकचुकत होते, त्या एकामागून एक बुडाल्या. दिवस मावळायच्या आत पाणी काठाला टेकलं आणि तिथेच थांबलं. कुंभारवाडीत लेकीच्या ओसरीवर वाळत मांडलेली मडकी जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाटील धावतच आले. "बाई, भरलं. आपलं धरण भरलं."

राखणदारीण एक दरवाजा हळूहळू वर घेत होती.

"अहो, हे काय करता? राणीसाहेब परतीच्या वाटेवर आहेत. त्या येईपर्यंत तरी भरलेलं राहू द्या."

"आभाळ अजून मोकळं झालेलं नाही, पाटील," ती म्हणाली. तिने चाक सोडलं नाही.

राणी आली तेव्हा वरच्या पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्या होत्या, चिखलाने माखलेल्या. पाटील ओशाळून म्हणाले, "काल भरलं होतं, राणीसाहेब."

राणीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती राखणदारिणीला म्हणाली, "काल माझ्यासाठी सगळे दरवाजे उघडले. एवढं पाणी गेलं कुठे?"

"इथे. जागा होती."

"आणि खाली कोण राहतं?"

"माझी लेक. आणि सगळी कुंभारवाडी."

राणीने खाली कुंभारवाडीकडे नजर टाकली. मग तिने खण, नारळ, तांदूळ घेतले आणि त्या चिखलाच्या रिकाम्या पायरीवर नदीची ओटी भरली. आणखी एक खण राखणदारिणीच्या हातात दिला. "हा लेकीला," ती म्हणाली. राखणदारिणीने तो पदरात घेतला.

पुढच्या वर्षी, आभाळात ढगही नव्हते, तेव्हाच पाटील धरणावर हजर झाले.

"बाई, यंदा सगळं पाणी सोडून द्या. थेंब ठेवायचा नाही. रिकाम्या धरणाचा मान आपल्यालाच मिळाला पाहिजे."

"आणि दिवे कशावर लावायचे?"

"ते बघू नंतर."

राखणदारिणीने कपाळाला हात लावला. मग किल्ली कमरेला खोचून ती रोजच्यासारखी डोंगराकडचं आभाळ बघायला गेली.

तात्पर्य काय, तर मानाकडे बघून धरण भरू नये आणि रिकामंही करू नये. खाली कोण राहतं ते बघावं.