एका पायाचा सण

त्या तळ्यावर बगळ्यांचं राज्य होतं आणि बगळे एकमेकांना अरेतुरे करत. थोरला लहानाला, लहान थोरल्याला, सगळं एकेरीच. रांगेतला सर्वांत म्हातारा बगळा, ज्याला सगळे आबा म्हणत, त्यालाही "आबा, तू जरा सरक" असंच ऐकावं लागे. अहोजाहो राखून ठेवलेलं होतं ते परक्यांसाठी.

डुंबरी नावाची बदकीण गेल्या हिवाळ्यात तिथे राहायला आली. तिचं मूळचं डबकं कुणीतरी भर घालून बुजवलं होतं. बगळ्यांनी तिला हाकललं नाही. लव्हाळ्यातली चांगली जागा दिली, गोगलगायी कुठे मिळतात ते दाखवलं, आणि येता-जाता अदबीनं चौकशी केली. "बरं आहे ना बाई? जेवलात का?" सुरुवातीला डुंबरीला भरून यायचं. पुढे पुढे तो 'बाई' तिला खड्यासारखा टोचायला लागला. तिला दुसरं काही नको होतं. कुणीतरी एकदा "ए डुंबरे" म्हणून हाक मारावी, एवढंच.

शेजारी शेवरी नावाची तरुण बगळी राहत होती. आळशी, उशिरा उठणारी, दुसऱ्याच्या घरट्यातल्या काड्या पळवणारी. दिवसभर कुणी ना कुणी तिच्या नावानं ओरडत असे. "शेवरे, मेले, टाक माझी काडी!" ते ऐकलं की डुंबरीच्या पोटात दुखे. आपणही एखादी काडी चोरून बघावी असं तिच्या मनात येई, पण धीर होत नसे.

मग सण जवळ आला. पहिले बगळे या जागी आले तेव्हा म्हणे महापूर होता. पंख गळाले होते आणि पाण्यावर आलेली जमीन इतकी थोडी, की प्रत्येकाला एकच पाय टेकता आला. दुसरा पोटाशी धरून त्यांनी पूर ओसरायची वाट पाहिली. म्हणून वर्षातून एका सकाळी सगळं तळं एका पायावर उभं राही, ऊन बाभळीच्या शेंड्यावर येईपर्यंत. हलायचं नाही, बोलायचं नाही.

डुंबरीनं मनाशी ठरवलं, या दिवशी आपण त्यांच्यातल्या होऊन दाखवायचं. बदकाचे पाय आखूड, अंग जड. लव्हाळ्याआड ती रोज सराव करू लागली. कधी तोंडावर आपटली, कधी कुशीवर. एकदा आबानं तिला चिखलात लोळताना पाहिलं.

"बाई, कशाला एवढा त्रास घेता?" तो कळवळून म्हणाला. "तुम्ही नाही केलंत तरी चालतं."

चालतं, हेच तर तिचं दुखणं होतं. तिनं सराव वाढवला.

सणाची सकाळ झाली. रांगेच्या टोकाला, उथळ पाण्यात, डुंबरीनं पाय उचलला आणि पोटाशी धरला. चोचीवर माशी बसली, तिनं बसू दिली. मांडीत गोळा आला, तोही येऊ दिला.

शेवरी उशिरा आली. धक्काबुक्की करत रांगेत घुसली, शेजारणीशी कुजबुजली, पाय टेकून मान खाजवली, पुन्हा उचलला. समोरून मासोळी गेली, ती गट्ट केली. अर्धी रांग डुलक्या काढत होती. डुंबरीला आधी राग आला. मग कळलं की हा राग नाही, हेवा आहे. यांचा सण यांच्या अंगावर कसा जुन्या पिसासारखा ढिला बसलाय! आणि आपण मेलो तरी पाय टेकू शकत नाही.

रांगेवर नजर ठेवायचा मान सर्वांत म्हाताऱ्याचा, म्हणून आबा तेवढा रांग बघत निघाला. शेवरीपाशी येताच त्यानं तिच्या टाळक्यात चोच मारली. "कार्टे! तुझी आजी पुरात अशीच खाजवत उभी होती का गं? घरचं कार्य आणि ही थेरं?" शेवरी फिदीफिदी हसली.

मग तो डुंबरीसमोर आला आणि थांबला. त्याचे डोळे पाणावले.

"बघा रे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बदक असून! शिका काहीतरी." आणि मान लववून, "धन्य आहे बाई तुमची."

साऱ्या रांगेनं पंख फडफडवले. डुंबरी अजून काही यायचं आहे म्हणून थांबली. पुढे काही आलं नाही.

तेव्हा तिनं पाय टेकला. चुकून नाही, मुद्दाम. चांगला थपकन टेकला, चिखल उडवला. शेवरीसारखी मान खाजवली आणि एकदा मोठ्यानं ओरडलीसुद्धा. रांगेतल्या माना तिच्याकडे वळल्या. आता बसणार, असं मनाशी म्हणत तिनं डोकं थोडं पुढे केलं, आबाच्या चोचीला लांब पडू नये म्हणून.

आबानं चोच उघडली. "अरे, बघत काय राहिलात? बाई दमल्यात. बसायला आणा त्यांना."

दोघा बगळ्यांनी काठावरच्या कोरड्या जागी मऊ गवत पसरलं आणि तिला आधार देऊन वर नेलं. तिथून सगळं छान दिसत होतं. ऊन शेंड्यावर आलं तशी रांग मोडली आणि माशांवर झुंबड उडाली. एकमेकांच्या अंगावर चिखल, एकमेकांच्या नावानं शिव्या. शेवरीच्या तोंडातला मासा कुणीतरी हिसकावला आणि ती किंचाळत त्याच्या मागे धावली.

डुंबरीपुढे कमळाच्या पानावर मासा आला. काटे काढलेला.