वेळूखेडची फारकत

डोंगराच्या कुशीत पाच गावं होती आणि त्या पाचांना पाणी देणारा पाट एकच होता. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून तो निघे, एकेका गावाच्या शिवारातून वळणं घेई आणि सर्वांत शेवटी वेळूखेडला पोचे. पाचही गावांनी मिळून एक सभा नेमली होती. पाणी कोणाला, कधी आणि किती, हे सभा ठरवी आणि पाचही गावं ते पाळत.

या वेळूखेडात हैबती नावाचा एक पाटकरी राहत होता. ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडे पाटाचं पाणी वळवायचं, हे त्याचं काम. एका उन्हाळ्यात त्याच्या सख्ख्या भावाचं पीक वाळायला लागलं. भाऊ म्हणाला, "घटकाभर आधी सोड की. कोण बघतंय?" हैबती म्हणाला, "मी बघतोय ना." पाळी आली तेव्हाच त्यानं पाणी सोडलं. भाऊ वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. पण त्या दिवसापासून गावात कसलाही तंटा झाला की लोक म्हणत, हैबतीला विचारा.

वेळूखेड पाटाच्या शेपटाला. वरच्या चार गावांची शेतं भिजली की उरेल ते यांच्या वाट्याला. वैशाखात तर पाण्यापेक्षा चिखलच जास्त यायचा. गावामागून एक ओढा वाहत होता. त्यावर आपला स्वतःचा बंधारा घालावा, असं लोकांच्या फार मनात होतं. पण सभेचा नियम होता: कोणाही गावानं वेगळा बंधारा घालायचा नाही. वेळूखेडनं तीनदा परवानगी मागितली. सभेनं तीनदा नकार दिला.

मग गाव पेटलं. निम्मे म्हणू लागले, "सभेतून बाहेर पडा." निम्मे म्हणू लागले, "बाहेर पडून प्यायचं काय?" महिनाभर कोणाच्या घरात धड जेवण झालं नाही. शेवटी ठरलं, ज्याला बाहेर पडायचंय त्यानं रांजणात पांढरा खडा टाकावा, ज्याला राहायचंय त्यानं काळा. रांजण उपडा केला तेव्हा पांढरे दोनशे बारा निघाले आणि काळे एकशे सत्त्याण्णव.

बाहेर पडायचं ठरलं. पण कसं? वेळूखेडचा बंधारा व्हायला निदान दोन उन्हाळे लागणार. तोवर पाणी पाटाचंच हवं. उलट चारही गावांची गुरं वेळूखेडच्या मोठ्या कुरणात चरत. म्हणजे त्यांचीही गरज होती. दोन्हीकडचं काहीतरी ठरवून मगच दूर व्हायला हवं होतं आणि त्यासाठी सभेकडे कोणीतरी जायला हवं होतं. सगळ्यांनी हैबतीचं नाव घेतलं.

हैबती पारावर उभा राहिला. म्हणाला, "आधीच सांगतो, माझा खडा काळा होता. मला वेगळं व्हायचं नव्हतं. पण गावाचा कौल पांढरा आहे. मी जाईन तो गावाचा कौल घेऊन जाईन. माझा खडा इथंच ठेवून जाईन. हे पटत असेल तर पाठवा."

लोकांना पटलं आणि हैबती निघाला.

सभा पाटाच्या वरच्या अंगाच्या धामठाण गावात भरे. सभेचे प्रमुख होते दौलतबाबा. ऐंशीच्या घरातले, दात पडलेले, पण बुद्धी विळ्यासारखी. त्यांनी हैबतीला गूळपाणी दिलं आणि विचारलं, "काय मागतोस?"

"दोन उन्हाळे पाणी."

"आणि देतोस काय?"

"गावाला विचारून सांगतो."

हैबती परत आला आणि त्यानं पारावर हा प्रश्न ठेवला. त्यानं मोठी चूक केल्यासारखे सगळे त्याच्यावर तुटून पडले. कांद्याचा मोठा शेतकरी राघोजी बाहेर पडणाऱ्यांचा पुढारी होता. त्याचा आवाज असा की पलीकडच्या आळीतली पोरं दचकून उठत. तो गरजला, "द्यायचं काय त्यात? कुरण बंद म्हणून सांगा! चार दिवसांत पाणी घेऊन दारात येतील!"

केशरबाईचा तेलाचा घाणा होता आणि पाचही गावांत तिचं तेल जाई. ती राहणाऱ्यांची पुढारी. ती म्हणाली, "आज जे जे मिळतं ते सगळं मागा. एक थेंबही कमी करायचा नाही. दिलं तर ठीक, नाही दिलं तर आपण आहोत तिथं बरे आहोत." तिच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळत होतं. अशी मागणी कधीच पुरी होणार नव्हती आणि गाव आपोआप सभेत राहणार होतं.

दिवस मावळेपर्यंत वाद चालला. उत्तर काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भांडण हैबतीवरच आलं. कोणी म्हणालं, तो मुद्दाम रेंगाळतोय. कोणी म्हणालं, तो घाई करतोय. दोन्ही बोलणारे एकाच ओट्यावर बसलेले होते.

हैबती तसाच पुन्हा धामठाणला गेला. या वेळी दौलतबाबा हसत होते.

"ये. तू यायच्या आधीच तुझं गाव इथं येऊन गेलं. आठवडी बाजारात तुमचा एकजण सांगत होता, कुरण बंद होणार. दुसरा सांगत होता, वेळूखेड कुठंही जात नाही, नुसता दम आहे. मी ऐकू कोणाचं? हैबती, तुझ्या पाठीमागे गाव आहे की गलका?"

 हैबतीची मान खाली गेली.

दौलतबाबांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि आवाज उतरवला. "ऐक. तुलाही जायचं नाही, मला ठाऊक आहे. आणखी तीनदा ये आणि तीनदा रिकाम्या हातानं जा. प्रत्येक वेळी सांग, सभा ऐकत नाही. लोक दमतील. पुन्हा खडे टाकतील आणि या खेपेला काळे जास्त पडतील. तुझंही मन राहील, माझंही."

 खरं तर बाबा बोलत होते ते हैबतीच्याच मनातलं होतं. त्याची मोठी लेक धामठाणलाच दिलेली होती. पाट त्यानं चाळीस वर्षं सांभाळला होता, त्याचं वळणन् वळण त्याला पाठ होतं. हा पाट तुटू नये असं त्याच्याइतकं कोणाला वाटत असणार? आणि करायचं तरी काय होतं? काहीच नाही. फक्त तीनदा रिकामं परत यायचं.

त्यानं मान वर केली.

"बाबा, पाणी कुठं जावं हे पाटकरी ठरवत नाही. ज्याची पाळी त्याला देतो. आज पाळी पांढऱ्या खड्यांची आहे."

"आणि तुझं गाव तुलाच शिव्या घालतंय, त्याचं काय?"

"ते गावाशी बोलतो," हैबती म्हणाला आणि उठला.

वाटेत त्याच्या मनानं घेतलं की असं नुसतं मध्ये हेलपाटे घालून भागायचं नाही. गावात पोचल्यावर त्यानं दवंडी पिटवली आणि सगळ्यांना पारावर बोलावलं. दौलतबाबांनी काय सुचवलं होतं तेही त्यानं लपवलं नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं. राहणाऱ्यांच्या बाजूनं कोणीतरी पुटपुटलं, "मग ऐकायचं होतंस की." बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "ऐकलं नसशील कशावरून? काळ्या खड्याचा माणूस तू!" शेणाचा एक गोळा येऊन त्याच्या खांद्यावर बसला.

बायकोनं दिलेलं स्वच्छ उपरणं होतं ते. हैबतीनं ते काढून बाजूला ठेवलं आणि बोलत राहिला.

"आज पोटभर बोला. मी इथून हलणार नाही. पण काही गोष्टी ऐकून ठेवा. बाहेर पडता येतं, हे खरं. बाहेर पडूनही सगळं आहे तसंच राहील, हे खोटं. कुरण बंद केलं की ते शरण येतील, हेही खोटं, कारण पाटाचं पाणी अडवायची फळी त्यांच्या हातात आहे. आपण इथं जे ओरडतो ते माझ्याआधी धामठाणला पोचतं. म्हणून या वेळी मी एकटा जाणार नाही. राघोजी, तू चल. केशरबाई, तुम्ही चला. ओरडायचं असेल ते तिथं येऊन ओरडा."

 राघोजीनं केशरबाईकडे पाहिलं, केशरबाईनं राघोजीकडे. नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

तिघं धामठाणला गेले. बोलणी सुरू होताच राघोजीनं मांडीवर थाप मारली. "उद्यापासून कुरण बंद!"

दौलतबाबा शांतपणे म्हणाले, "बरं. मग उद्यापासून फळी बंद." आणि त्यांनी खरोखरच पाटाच्या माणसाला हाक मारली.

राघोजीचा चेहरा उतरला. त्याची कांद्याची रोपं नुकतीच लावलेली होती. आठ दिवस पाणी मिळालं नाही तर सगळी माना टाकणार होती. तो केशरबाईकडे वळला, जणू तिनं काही बोलावं. केशरबाई सभेतल्यांचे चेहरे न्याहाळत होती. तिला इतके दिवस वाटत होतं, फळी बंद करण्याची वेळ आली तर सभेला आपली दया येईल. सभेतल्या एकाही चेहऱ्यावर तिला दया दिसली नाही.

हैबती म्हणाला, "दोन्ही बंद करा. तुमची गुरं मरतील, आमची पिकं मरतील. मग जिंकल्याचा सण कोण साजरा करणार ते सांगा."

पाटाचा माणूस दारातच थांबला. दौलतबाबांनी त्याला हातानं परत पाठवलं आणि खरी बोलणी तिथून सुरू झाली.

ती चार दिवस चालली. दोन उन्हाळे पाणी, त्याबदली पाच वर्षं कुरण. धामठाणचा बाजार वेळूखेडला खुला. वेळूखेडच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याला कोणी हरकत घ्यायची नाही. सगळं जुळत आलं आणि एका गोष्टीवर अडलं. दर वर्षी पाटातला गाळ काढावा लागे. जे गाव निघून चाललंय त्यानं तो काढायचा की नाही?

"आम्ही जाणार, मग आम्ही का राबायचं?" राघोजी म्हणाला.

हैबती म्हणाला, "दोन वर्षं पाणी आपण पिणार ना? मग दोन वर्षं गाळही आपण काढणार."

राघोजी काही वेळ हातातलं गवत चावत बसला. मग म्हणाला, "बरोबर आहे. माझी माणसं मी आणतो." केशरबाईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज इतका हळू तिनं कधीच ऐकला नव्हता.

करार घेऊन तिघं गावात आले तेव्हा पारावर आनंद कोणालाच झाला नाही. बाहेर पडणारे म्हणाले, "कुरण पाच वर्षं दिलं? हे कसलं बाहेर पडणं?" राहणारे म्हणाले, "दोन वर्षांनी पाणी बंद? मग यात मिळालं काय?" हैबती बोलायला उठला, तेवढ्यात राघोजी पुढं झाला.

"मला हवं होतं ते सगळं मिळालं नाही," तो म्हणाला. "पण मी तिथं होतो. याहून जास्त मिळत होतं असं जो म्हणेल, तो मागच्या आठवड्यातला राघोजी आहे."

केशरबाई म्हणाली, "मला तर जायचंच नव्हतं. आजही नाही. पण जायचंच तर हातपाय शाबूत ठेवून जावं. या कागदात ते आहेत."

वाद त्यानंतरही झाले. पण ते करारावर झाले, एकमेकांच्या घरादारावर नाही. संध्याकाळी हात वर करून गावानं करार मान्य केला.

मग कामाला लागायचं होतं. पांढरे खडे टाकणारे आणि काळे टाकणारे एकाच ओढ्यात उतरले. दगड फोडले, चुना मळला, पाया खणला. पहिल्या पावसाळ्यात अर्धी भिंत वाहून गेली. दोन दिवस लोक डोक्याला हात लावून बसले, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाया खणायला लागले. आणि दर फाल्गुनात सगळं काम थांबवून वेळूखेडची माणसं जुन्या पाटाचा गाळ काढायला जात. ज्या पाटाचं पाणी लवकरच त्यांचं राहणार नव्हतं त्याचा तळ ते खरवडून स्वच्छ करत.

वाहून गेलेल्या भिंतीमुळे दोन उन्हाळे पुरले नाहीत. आणखी एक महिना पाणी हवं होतं. या वेळी मागायला राघोजी स्वतः गेला. दम दिला नाही, मांडीवर थाप मारली नाही. पाय धुऊन सभेत बसला आणि म्हणाला, "आमचा अंदाज चुकला. एक महिना कमी पडतोय."

सभेत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, "करार तो करार." दौलतबाबा म्हणाले, "करारात गाळ काढायचं लिहिलं होतं, इतका नीट काढायचं लिहिलं नव्हतं. द्या महिनाभर."

त्या महिन्याच्या शेवटच्या सकाळी नव्या बंधाऱ्याचं पाणी वेळूखेडच्या शेतात शिरलं. दुपारी हैबती जुन्या पाटावर गेला. वेळूखेडकडे येणाऱ्या तोंडाशी लाकडी फळी होती. ती खाली सोडली की चाळीस वर्षांचं काम संपणार होतं. दौलतबाबा काठी टेकत तिथवर आले होते.  हैबतीनं फळीला हात लावला तेव्हा त्याचे डोळे भरून आले.  त्यानं फळी आदळली नाही, दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली उतरवली. पाणी थांबलं.

"वाईट वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"खूप," हैबती म्हणाला.

"मलाही." मग बाबा म्हणाले, "तुझी लेक आज पुरणपोळ्या करतेय. जेवूनच जा."

आणि हैबती बाबांच्या हाताला धरून धामठाणच्या वाटेला लागला.

तात्पर्य: नातं जोडायला जितका खरेपणा लागतो त्याहून जास्त ते नीट सोडवायला लागतो, आणि तो दुरून ओरडून नव्हे, समोर बसूनच सिद्ध होतो.