तीच थंडी

“पण उस्ताद, जुनाच गॅस का नाही भरत?”

कुमुदताई डांग्यांनी पुन्हा तेच विचारलं.

चंद्रपूरचा मे महिना. गॅरेजचा पत्रा तापून तडतडत होता. गाडीच्या एसीचं काम शिकावं तर हबीबउस्तादांकडे, असं अख्ख्या जिल्ह्यात म्हणत. ताईंची जुनी पांढरी गाडी त्यांच्यासमोर बॉनेट उघडून उभी होती.

“तो आता बनत नाही,” उस्ताद म्हणाले. “आभाळाला भोक पाडतो. नवा भरू. त्याला तेल वेगळं लागतं, रबरी रिंगा बदलाव्या लागतात. थंडी जराशी कमी वाटेल.”

“कमी नको. तीच हवी.”

उस्तादांनी मान वर केली.

“तीच म्हणजे…?”

ताईंची नजर गाडीतल्या डाव्या सीटकडे गेली.

गाडी नेहमी त्याच चालवायच्या. डांगेसाहेब बाजूला बसायचे आणि भद्रावती यायच्या आत काचेला डोकं टेकून झोपी जायचे. मग ताई एसीची जाळी त्यांच्या मानेवरून हलकेच दुसरीकडे वळवायच्या. साहेबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या रस्त्याला लागलं की ताईंचा हात अजून आपसूक त्या जाळीकडे जाई… आणि बोटांना गरम हवा लागे.

“बसस्टँडजवळचा एक जण स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणाला,” त्या म्हणाल्या. “काही बदलायला नको. थंडीही पहिल्यासारखी.”

“पडेल थंडी.”

“मग?”

“आतल्या आत गळला आणि कुठे ठिणगी उडाली, तर गाडी पेटेल.”

“पेटू दे! बाजूला कोण बसतंय आता?”

बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. आवाज मात्र त्यांनी खाली येऊ दिला नाही. “माझी गाडी आहे. मी ठरवीन.”

उस्तादांनी फडक्याला हात पुसले. बॉनेट लावलं. गाडीला वळसा घालून डावीकडचं दार उघडलं, आत बसले आणि पट्टा लावला.

“हे काय?”

“चला, तो गॅस भरून आणू. येताना मी सोबत असेन.”

“उस्ताद, उतरा.”

“का?”

“उतरा म्हणते ना! घरी तुमची माणसं वाट…”



उस्ताद समोरच्या काचेतून बघत बसून राहिले. त्या सीटवर… किती दिवसांनी कुणी बसलं होतं.

“नवाच भरा,” ताई म्हणाल्या.

उस्ताद उतरले. उरलासुरला जुना गॅस त्यांनी हवेत सोडला नाही. नळी जोडून एका टाकीत ओढून घेतला.

“तो त्यांच्या वेळचा आहे,” ताई हळूच म्हणाल्या.

“हो.”

टाकीचं तोंड त्यांनी सावकाश बंद केलं.

तेल बदललं, रिंगा बदलल्या. मग पंप लावून नळ्यांमधली सगळी हवा खेचून काढली. मीटरचा काटा तळाला जाऊन टेकला. पंप थांबला, तशी गॅरेजमध्ये एकदम शांतता पसरली. कुठे बारीकशी गळती असली, तर हवा आत शिरून काटा वर चढतो. उस्ताद एक स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. दुसरं त्यांनी ताईंकडे सरकवलं.

ताई बसल्या. काटा जागेवरच होता.

“झालं ना रिकामं? मग भरत का नाही? किती वेळ लागतो हो याला?”

उस्तादांची नजर काट्यावरून हलली नाही.

“रिकामं व्हायला वेळ लागत नाही, ताई. रिकामं राहतंय का, ते बघायला लागतो.”