सातव्या पडद्याची खरखर

"मग चाचा, पाटी रंगवायला देऊ का?"

श्रेणिकने पुन्हा विचारलं.

मिरजेत कुतुबचाचांच्या कारखान्यात सतारी व्हायच्या, आणि हल्ली गिटारही दुरुस्तीला यायच्या. श्रेणिक त्यांचा शागीर्द. हात चांगला, पण त्या हातावर स्वारी जरा जास्तच खूश. सांगलीत गाळाही बघून ठेवला होता. पाटीवर फक्त 'कुतुबचाचांचा शागीर्द' एवढं हवं होतं. ते चाचांना न विचारता लिहायची मात्र त्याची छाती नव्हती.

चाचांनी कोपऱ्यातली गिटार त्याच्यापुढे सरकवली. चर्चमध्ये वाजवणाऱ्या रणभिसे सरांची होती ती.

"आधी हिची खरखर घालव."

गिटारच्या गळ्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. लोक त्यांना फ्रेट म्हणतात, चाचा सतारीच्या सवयीने पडदे म्हणत. सातव्या पडद्यामागे बोट दाबलं की तार खरखरायची.

श्रेणिकने सातव्यावर कानस चालवली. तार छेडली. खरखर वाढली. आणखी घासलं, ती आणखी वाढली. चेहरा पडला, पण हात थांबेना.

"कुणाला घासतोयस?"

"जो खरखरतोय त्याला."

"हं…"

चाचांनी गिटार मांडीवर घेतली. एक छोटी पोलादी पट्टी सातव्या, आठव्या, नवव्यावर मिळून ठेवली. पट्टी डुगडुगली. मग सातव्याकडे न बघता त्यांनी आठव्यावर हातोडीचा एक हलका ठोका दिला.

खाचेतून केसभर वर आलेला आठवा पडदा गुपचूप जागेवर बसला.

श्रेणिक बघत राहिला. रोज शेजारी बसूनही या माणसाच्या हाताचं त्याला नवल वाटायचं. आज जरा जास्तच वाटलं.

"म्हणजे दोष आठव्याचा होता?"

"तार त्याला घासून जायची. बोंब सातव्याच्या नावाने."

श्रेणिकने घाईने सातव्यावर तार छेडून बघितली.

"चाचा, थोडी खरखर अजून आहे की."

"ती गिटारची नाही. ती तुझी."

घासून घासून सातवा खाली गेला होता. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, चुकला तर सरकवता येतो. हा ठोकून बसवलेला.

"बाकीचे सगळे याच्याएवढे घासून घेतो," श्रेणिक हळूच म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

चाचा चष्मा पुसत बसले… बराच वेळ पुसत बसले.

श्रेणिकने कानस खाली ठेवली.

त्याने सातवा पडदा तापवून उपसला. गळ्याच्या काळ्या लाकडाचा बारीक टवका उडाला. तो शोधून, चिमट्यात धरून त्याने जागच्या जागी चिकटवला. नवा पडदा बसवला. तार स्वच्छ वाजली.

दुसऱ्या दिवशी रणभिसे सर आले. वाजवून बघितली आणि खूश झाले.

"चाचा, तुमच्या हाताला तोड नाही."

चाचांनी सतारीचा दोरा हातात घेतला.

श्रेणिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सर, हा सातवा पडदा नवा आहे. जुन्यात काही दोष नव्हता. मी चुकीचा घासला, म्हणून बदलावा लागला."

सरांचं हसू गेलं. त्यांनी गिटार दारातल्या उजेडात नेऊन नीट न्याहाळली.

"दुसऱ्याची वस्तू असते रे बाबा. आधी विचारावं, मग हात घालावा." एवढं बोलून ते निघून गेले.

श्रेणिक मान खाली घालून उभा राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं.

"चाचा… पाटीचं राहू दे."

चाचा एका सतारीच्या पडद्याला दोरा गुंडाळत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"रंगवायला दे. आणि माझं नाव जरा ठळक काढायला सांग."