कपारीत राहिलेली दोन सालपटे

डोंगरांच्या ओंजळीत वसलेल्या एका रानात एक टिटवी राहत होती. पाणी पाहणे हे तिचे काम. तळ्याच्या काठाकाठाने उंच पायांनी फिरायचे, पाण्याचा रंग, वास आणि त्यातले मासे-बेडूक न्याहाळायचे, आणि जे दिसेल ते झाडाच्या सालपटावर चोचीने टोचून ठेवायचे. मुलांनो, हे काम तिला रानानेच दिले होते बरं का. फार पूर्वी एका साथीत निम्मे रान ओस पडले. तेव्हा उरलेल्या प्राण्यांनी मिळून एक शोधमंडळ नेमले. कुणी पाणी पाहील, कुणी माती, कुणी झाडपाला. आणि त्यांना पोटासाठी वणवण करावी लागू नये म्हणून प्रत्येक कळप आपल्या घासातला घास काढून देईल, असे ठरले. टिटवीच्या पोटाचा भार चितळांच्या कळपाकडे होता. त्यातली एक म्हातारी हरिणी रोज सकाळी येई, काठाची ओली माती खुराने उकरी आणि टिटवीला अळ्या काढून देई.

“खा ग बाई पोटभर,” ती म्हणे. “तू पाणी बघतेस, म्हणून आम्ही डोळे मिटून पितो.”

एका वर्षी फाल्गुनातच तळे निम्म्यावर आले. पाण्यावर एक हिरवी साय धरू लागली. नेहमीचे शेवाळ ते नव्हते. कुणी पाला वाटून पाण्यावर ओतावा तशी ती दिसे. वारा तिला ज्या काठाला ढकली, त्या काठाला दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगत. एकदा तीन बदके त्या काठाचे पाणी प्यायली. जरा वेळाने त्यांच्या माना लुळ्या पडल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. टिटवीने पंधरा दिवस तहानभूक विसरून पाहणी केली. साय विषारी होती, आणि ऊन वाढेल तशी ती तळेभर पसरणार होती. तिने सालपटावर सगळे नीट टोचून काढले आणि ती शोधमंडळाच्या मुख्याकडे, साळिंदराकडे गेली. मंडळाची सगळी सालपटे त्याच्या कपारीत असत.

साळिंदराने सालपट दोनदा वाचले. “वा! फार मोलाचं काम आहे हे. ठेव तिकडे कोपऱ्यात.”

“ठेवू? साहेब, रानाला सांगायला हवं ना हे?”

“घाई कशाला? ज्येष्ठात वनसभा भरेल. तेव्हा मंडळाचे सगळे शोध मी एकदम मांडणार आहे. तोवर यातली एक खूणही बाहेर जाता कामा नये. पलीकडच्या खोऱ्यातलं मंडळ टपूनच बसलंय, उद्या स्वतःच्या नावावर खपवतील. आणि समजा सांगितलं, तर ही जनावरं पिणार काय? दुसरं पाणी आहे तुझ्याकडे?”

दुसरे पाणी टिटवीला ठाऊक नव्हते. “आपल्या मंडळात दुसऱ्या कुणाला माहीत असेल,” ती चाचरत म्हणाली. “मी विचारून बघू का?”

साळिंदराचे काटे फुलले. “मातीवाल्याने माती बघावी, पाणीवालीने पाणी. एकमेकांच्या सालपटात चोच घालायची नाही, ही इथली शिस्त आहे.”

टिटवीने सालपट कोपऱ्यात ठेवले. बाहेर पडताना कपारीच्या तोंडाशी तिला रानडुक्कर भेटला. मंडळातला मातीचा जाणकार तो. त्याच्या तोंडातही एक सालपट होते. तो अंग चोरून बाजूला झाला, तिने मान लववली, आणि दोघेही आपापल्या वाटेने गेले. इतक्या वर्षांत त्यांचे बोलणे याहून पुढे कधी गेलेच नव्हते.

चैत्र तापू लागला. “पाण्याला जरा वास येतोय ग,” एके सकाळी हरिणी म्हणाली. “काही काळजीचं नाही ना?”

“मंडळ बघतंय, आजी,” एवढेच टिटवी म्हणाली.

“मंडळ बघतंय ना? मग झालं तर.”

त्या दिवशी टिटवीने अळ्यांना चोच लावली नाही. पुढे तिने एक युक्ती केली. साय ज्या काठाला असेल त्या काठाला कळप आला, की ती ओरडत त्यांच्या डोक्यांवरून झेपा घेई. हरिणीला वाटे, बिचारीची अंडी इथेच कुठेतरी असतील. ती कळपाला समजूतदारपणे पलीकडच्या काठाला नेई. असे महिनाभर निभावले. टिटवीने मनाची समजूत घातली, की शिस्तही मोडली नाही आणि जीवही वाचले.

पण वैशाखात वारा पडला. साय दोन्ही काठांना भिडली आणि तळ्यात स्वच्छ पाणी ओंजळभरही उरले नाही. भर दुपारी तहानेने जिभा बाहेर आलेला कळप येताना टिटवीने पाहिला, आणि तिची शिस्त गळून पडली.

“पिऊ नका! विष आहे ते! आजी, पिऊ नका!”

हरिणी थबकली. तिच्या मागे पन्नास चितळे थबकली. तिने टिटवीकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, नुसती तहान होती. “मग कुठलं पिऊ, ते सांग.”

“थांबा! मी शोधून आणते. थोडा वेळ थांबा!”

इतरांची सालपटे धुंडाळायला टिटवी कपारीकडे निघाली. वाटेत तिला रानडुक्कर दिसला. ती त्याच्या पुढ्यातच उतरली. “दादा, तळं नासलंय. चितळांना पाणी हवंय, आत्ताच्या आत्ता!”

“पाणी?” रानडुक्कर गोंधळून म्हणाला. “कोरड्या ओढ्याच्या वळणावर आहे की. वाळूखाली दोन हातांवर, गोड पाणी. फाल्गुनातच सालपट दिलं मी साहेबांकडे. पण तळ्यात पाणी असताना ते लागेल कुणाला, असं वाटलं. तळं नासल्याचं मला कुणी बोललं नाही, बाई.”

तो धावत सुटला, टिटवी त्याच्या डोक्यावरून उडत गेली. ओढ्याच्या वळणावर त्याने नाकाने आणि सुळ्यांनी वाळू उपसली. घटकाभरात खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरू लागले, आधी गढूळ, मग काचेसारखे. टिटवी उलटपावली तळ्याकडे उडाली. “मिळालं! पाणी मिळालं!” ती दुरूनच ओरडू लागली.

कळप थांबला नव्हता. थांबण्याइतके त्राणच त्यांच्यात नव्हते. काठावर चितळे आडवी पडली होती, काही अजून पाय झाडत होती. हरिणी पाण्यापासून दोन पावलांवर पडली होती. टिटवी तिच्या डोळ्यांजवळ उतरली.

“आजी, पाणी मिळालं ग. जवळच आहे.”

हरिणीचे कान हलले. तिला ऐकू गेले की नाही, ते टिटवीला कळले नाही.

मागे राहिलेली दहा-बारा चितळे अजून प्यायली नव्हती. टिटवीने त्यांना ओढ्यावर नेले. ती मुकाट्याने प्यायली. सगळ्यात शेवटी त्यांच्यातल्या एका नराने मान वर केली. “हे पाणी तुम्हाला कधी सापडलं?”

रानडुकराने मान खाली घातली. टिटवी म्हणाली, “फाल्गुनात.”

“आणि ते विष?”

“तेही फाल्गुनात.”

नर वळला आणि उरलेल्या चितळांपाशी जाऊन उभा राहिला. तो रागावला असता तर टिटवीला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी टिटवी आणि रानडुक्कर कपारीत शिरले. साळिंदराने काटे उभारले, पण त्यांनी जुमानले नाही. एकेक करून सगळी सालपटे त्यांनी बाहेर ओढली आणि उघड्यावर, येता-जाता दिसतील अशी मांडली. पाण्याचे आणि मातीचे सालपट त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. वाचायला त्या दिवशी कुणी फिरकले नाही. सारे रान ओढ्याच्या वळणावर पाण्यासाठी रांग धरून उभे होते, आणि त्या रांगेत चितळे फार थोडी होती.

तात्पर्य : सर्वांच्या घासावर मिळवलेले ज्ञान सर्वांचेच असते, ते कोंडणारा जितका दोषी, तितकाच ते कोंडले जाताना गप्प राहणाराही.